डिसेंटआधी आम्हाला बसवणाऱ्या कॅप्टनना

कॅप्टन, सप्रेम नमस्कार.

खाली उतरायला सुरुवात करण्याआधी तुम्ही इंटरफोनवर सांगता, "घाटावर ढग आहेत. सर्व्हिस आत्ताच आवरा, दहा हजार फुटांवर येण्याआधी सगळे बसलेले हवेत." त्याबद्दल आम्हा केबिन क्रूकडून मनापासून आभार.

पावसाळ्यात पूर्वेकडून सह्याद्री ओलांडून मुंबईच्या 27 क्रमांकाच्या धावपट्टीकडे येताना विमान किती हलते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पण कॉकपिटमध्ये तुम्ही बांधलेले असता, तेव्हा आम्ही उभे असतो. त्यातही शेपटीकडची गॅली, म्हणजे खाण्यापिण्याची तयारी करायची जागा, सगळ्यात वाईट, कारण विमानाचा तोल पंखांच्या आसपास असतो आणि त्या बिंदूपासून जितके लांब, तितका हिसका मोठा. भरलेली मोठी ट्रॉली शंभर किलोच्या घरात जाते. ब्रेक नीट लागला नसेल आणि ऐनवेळी गो-अराउंड झाला, म्हणजे न उतरता विमान पुन्हा वर न्यावे लागले, तर नाक वर उचलताच ती मागे धावते. मध्ये आमचा गुडघा किंवा एखाद्या प्रवाशाचा कोपर असतो.

एरवी दहा हजार फुटांपासून चाके टेकेपर्यंत साधारण दहा-पंधरा मिनिटे मिळतात. 180 आसनांच्या ए320 मध्ये आम्ही बहुधा चौघे. पट्टे, ट्रे, खिडक्यांची झापे, मांडीवरच्या बाळाचा जोडपट्टा, पायांत आलेल्या बॅगा, रिकामी टॉयलेट्स, आणि गॅलीतली प्रत्येक कडी. गरम पाण्याची भांडी रिकामी करायची, ओव्हन बंद करायचे. यातले काही राहिले की घाई होते, आणि घाईत आधी बळी जातो तो आमच्या स्वतःच्या हार्नेसचा, म्हणजे कमरेच्या आणि खांद्यांच्या पट्ट्यांचा.

हार्नेसचा क्रम चुकवून चालत नाही. आधी कमरेचा पट्टा ओटीपोटाखाली, नितंबाच्या हाडांवर घट्ट, मग खांद्याचे दोन्ही पट्टे, पीळ काढून. कमरेचा सैल राहिला तर धक्क्यात शरीर त्याखालून घसरते आणि पट्टा पोटात रुततो. मागे तोंड करून असलेल्या जंपसीटवर (क्रूच्या घडीच्या आसनावर) पाठ आणि डोके टेकलेले, पावले जमिनीवर सपाट. त्यानंतरच मनातल्या मनात उजळणी: माझे दार कोणते, ते कसे उघडते, बाहेर आग दिसली तर कुठे वळवायचे, मदतीला कोण धडधाकट, कोणाला मदतीचा हात लागेल. ही उजळणी धापा टाकत होत नाही. तुमच्यामुळे ती शांतपणे होते.

1 मे 2022 रोजी मुंबईहून दुर्गापूरला उतरणाऱ्या विमानात जोरदार टर्ब्युलन्समध्ये (हवेच्या हिसक्यांमध्ये) प्रवाशांबरोबर केबिन क्रूही जखमी झाले. याउलट 2 जानेवारी 2024 ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचे ए350 धावपट्टीवर तटरक्षक दलाच्या विमानाला धडकले आणि पेटले. आठपैकी तीनच दारे वापरता आली, घोषणायंत्रणा बंद पडली, तरी ए350 मधले सर्व 379 जण बाहेर आले. ते शक्य झाले यामागे एक कारण हेही की क्रू आपापल्या दारापाशी बांधलेला होता, धक्क्यानंतर उठू शकत होता, ओरडून वाट दाखवू शकत होता. हात मोडलेला माणूस दार उघडू शकत नाही, आणि दार अडले की त्या बाजूची रांगच अडते.

कोरियन एअरने जुलै 2024 पासून मध्यम व लांब पल्ल्याच्या फ्लाइट्सवर सर्व्हिस लँडिंगच्या 40 मिनिटे आधी संपवायला सुरुवात केली. अमेरिकेच्या साउथवेस्ट एअरलाइन्सने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये केबिन आवरण्याची उंची 10,000 वरून 18,000 फुटांवर नेली. तुम्ही हे स्वतःच्या बुद्धीने, रडारवरचे ढग बघून, ब्रीफिंगमध्ये मिनिटे ठरवून करता. चहा मिळाला नाही म्हणून प्रवासी कुरकुरले तर तो निर्णय आपला असल्याचे तुम्हीच माइकवर सांगता. त्याने आमचा केवढा भार हलका होतो!

एक विनंती आहे. शेजारी बसणाऱ्या नव्या फर्स्ट ऑफिसरलाही (सहवैमानिकालाही) ही सवय लावा, आणि आमच्याकडून 'केबिन रेडी' हा निरोप यायला उशीर झाला तर कारण विचारायला सांगा. बऱ्याचदा मागे कोणीतरी एक अडलेली कडी बसवत असते.

आपले कृतज्ञ,
मागच्या गॅलीतले सहकारी