माओखोंगच्या डोंगरावरून

तैपेई, तैवान,
रविवार, रात्री

ती. आई-बाबांस शि. सा. नमस्कार. आजीला साष्टांग नमस्कार. धाकटीस अनेक आशीर्वाद.

मी खुशाल आहे. रोज फोनवर बोलतो, मग पत्र कशाला, असं बाबा म्हणतील. पण आजीला फोनवर माझं ऐकू येत नाही. दोनदा "बरं बरं" म्हणते आणि फोन आईच्या हातात देते. हे पत्र तिला दुपारच्या निवांत वेळी वाचून दाखवा, म्हणून खास लिहितेय.

खोली, प्रयोगशाळा, प्राध्यापक, सगळं आहे तसंच आहे, ते पुन्हा सांगत नाही. काल मात्र सुट्टी काढून माओखोंगला गेले. तैपेईच्या दक्षिण टोकाला प्राणिसंग्रहालय आहे, तिथून डोंगरावर पाळणा जातो. तारेवरून चार किलोमीटर, अर्ध्या तासाचा रस्ता. बाबा, हा पाळणा २००७ सालापासून चालू आहे, आणि विजा चमकायला लागल्या की लगेच बंद करतात, त्यामुळे "तारेवर कशाला लटकायला गेलीस" असं म्हणू नका. काही पाळण्यांना तळ काचेचा असतो. आम्ही मुद्दाम साधाच घेतला.

वर चहाचे मळे आहेत. मुन्नारच्या फोटोत दिसतात तसे अफाट नव्हेत. आपल्या पाटणकडे डोंगरउतारावर नाचणीचे पट्टे असतात ना, तसे लहान लहान तुकडे, मधे बांबू, मधेच कोणाचं तरी घर. ही झाडं मूळची इथली नाहीत. जपानी राजवटीत, म्हणजे १८९५ ते १९४५ च्या काळात, समुद्रापलीकडे चीनमधल्या आनशी भागातून रोपं आणून इथे लावली. चहाचं नाव थ्येक्वानयिन. क्वानयिन म्हणजे त्यांची करुणेची देवी आणि थ्ये म्हणजे लोखंड. हिवाळी तोडणीचे दिवस आहेत, सगळ्या वाटेवर पानं भाजल्याचा वास होता.

मळ्याच्या वरच्या अंगाला एक चहाघर आहे, लाकडी ओसरीचं. तिथे बसलं की खाली मळे, मग दरी, आणि पार टोकाला तैपेई १०१ ची इमारत. आजी, आता इथे नीट ऐक, कारण हे मला चार वर्षांतही पुरतं उमगलेलं नाही. तिथे तयार चहाचा कप मिळतच नाही. आधी पानांचं पाकीट विकत घ्यायचं, दीडशे ग्रॅमचं. मग माणशी पाण्याचे पैसे वेगळे. हो, गरम पाण्याचे! एकदा पैसे भरले की दिवस मावळेपर्यंत बसा, कोणी उठवत नाही. शेगडीवर किटली ठेवून देतात, पुढचं आपलं आपण करायचं.

पानं म्हणजे मिऱ्याएवढ्या घट्ट गोळ्या. ओंजळीत मावेल एवढ्या मातीच्या भांड्यात त्या घालायच्या आणि वरून उकळतं पाणी. ते पहिलं पाणी प्यायचं नाही, ओतून टाकायचं, पानं धुतली म्हणून. पुन्हा पाणी घालायचं, झाकण लावायचं आणि आणखी गरम पाणी चक्क भांड्याच्या डोक्यावर ओतायचं, आपण अभिषेक करतो तसं. खाली जाळीचा पाट असतो, पाणी त्यातून निथळून जातं. मिनिटभरानं चहा एका उंच, अरुंद पेल्यात ओतायचा. पण त्यातूनही प्यायचं नाही! त्यावर छोटी वाटी पालथी घालायची, दोन्ही धरून उलटं करायचं, पेला उचलून घ्यायचा आणि आधी तो रिकामा पेला नाकाशी धरायचा. वास आधी, चव नंतर. दूध नाही, साखर नाही, आलं नाही, गवती चहा तर नाहीच. त्याच पानांवर सहा-सात वेळा पाणी. दर वेळी वास बदलतो. पहिल्यांदा भाजल्या फुटाण्यासारखा, चौथ्या-पाचव्या वेळी ओल्या गवतासारखा. शेवटी पानं काढून बघितली तर गोळ्यांची अख्खी, कडा-शिरांसकट पानं झालेली. उरलेलं पाकीट घरी न्यायचं. त्यातलं निम्मं तुमच्यासाठी ठेवलंय. बाबा, तुम्ही ते दुधात उकळलंत तरी चालेल, फक्त पहिल्यांदा एकदा तसंच पिऊन बघा.

जेवायला चहाच्या बियांच्या तेलात घोळवलेल्या शेवया मिळाल्या. मी उपाशी राहत नाही, आई. फोनवर तोंड बारीक दिसतं ते दिव्यामुळे. इथल्या शाकाहारी खानावळींतून कांदा-लसूणही घालत नाहीत, बुद्धाला मानणारे लोक ते वर्ज्य करतात. आजीचा चातुर्मास इथे बारा महिने पाळता येईल. तुझं फराळाचं पार्सलही पोचलं. चकल्या मोडल्या, पण लाडू शाबूत होते. त्यातले चार लाडू डब्यात घालून चहाबरोबर नेले. सगळ्यांना आवडले.

भूकंपाचं तुम्ही सगळे सारखं विचारता. होतात, नाही म्हणत नाही. पण आधी फोनवर इशारा वाजतो, आणि घरं तशीच बांधलेली आहेत. त्या १०१ इमारतीत वरच्या मजल्यांवर ६६० टनांचा लोखंडी गोळा टांगलाय, इमारत एकीकडे हलली की तो तिला सावरतो. आजी, तुम्ही १९६७ च्या डिसेंबरात कोयनेच्या भूकंपानंतर महिनोन्महिने अंगणात झोपलात, तेव्हा तुमच्याकडे यातलं काय होतं? तुझ्यापेक्षा मी फार सुरक्षित आहे. खरंच.

आता साखरपुड्याचं. मला येता येत नाही. तिकिटाचा प्रश्न नाही, प्रबंधाची पहिली प्रत जानेवारीत द्यायची आहे. हे मी फोनवर दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा आई नुसतं "हं" म्हणाली. लग्नाला वैशाखात नक्की येणार, आधी पंधरा दिवस येणार. धाकटे, तुझ्या साडीचा फोटो मी रोज बघते. रुखवताचं काम माझ्यासाठी राखून ठेव.

चाळीस हजार पाठवलेत, सोमवारी जमा होतील. ते कार्यालयाच्या आगाऊ रकमेत घालू नका. बाबा, आधी पतसंस्थेत जाऊन आईच्या पाटल्या सोडवून आणा. माझ्या पहिल्या तिकिटासाठी त्या ठेवल्या होत्या, मला धाकटीने सांगितलंय, तिला बोलू नका. साखरपुड्याच्या फोटोत त्या आईच्या हातात दिसल्या पाहिजेत. शैक्षणिक कर्जाचे तीन हप्ते राहिलेत, ते माझ्याकडे.

कोल्हापूरच्या स्थळाला अजून काही कळवलं नसेल तर नाही कळवा. माझ्यासाठी थांबवून ठेवू नका.

तब्येतीला जपा. बाबा, गोळ्या वेळेवर घ्या.

तुमची,
थोरली

ता. क. आई, हे तू एकटीनेच वाच. पाळण्याच्या वाटेत चिनान नावाच्या देवळाचा थांबा आहे. लग्न न झालेल्या जोडीने त्या देवळात जाऊ नये, तिथला देव जोडी मोडतो, असं इथले लोक मानतात. काल तिथे दार उघडलं तेव्हा मी उठायला लागले, तर त्याने हात धरून खाली बसवलं. तोपर्यंत आमच्यात तसं काही बोलणंही झालं नव्हतं. माझ्याच प्रयोगशाळेतला आहे, इथलाच. तुझे दोन लाडू त्यानेच खाल्ले. बाबांना मी आल्यावर सांगेन. तू मात्र मला पुढच्या फोनवर काहीतरी बोल, नुसतं "हं" नको.