आयर्नमॅन झालं, आता पुढे

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली, "झालं ना एकदाचं? आता पुरे कर." मी हसण्यावारी नेलं, कारण उत्तर लांबलचक होतं आणि बाबांच्या शंकांनी ते फोनवर संपलं नसतं. म्हणून हे पत्र.

आयर्नमॅन शर्यतीचं सगळं तुम्हाला ठाऊकच आहे. 3.8 किमी पोहणं, 180 किमी सायकल, वर 42.2 किमी पळणं, आणि हे सगळं 17 तासांच्या आत. पदकाचा फोटो तर बाबांनी अख्ख्या नात्यागोत्यात फिरवला. त्यानंतरच्या आठवड्यांबद्दल मात्र मी काही बोलले नव्हते. पोटरीवरचा नंबर अंघोळीगणिक पुसट होत गेला, पायाच्या अंगठ्याचं काळं पडलेलं नख गळून पडलं, पण पहाटे चारला यायची ती जाग काही सुटेना. उठून करायचं मात्र काहीच नव्हतं. इतके महिने कोचचा तक्ता सांगेल तसं वागायचं, आणि एकदम तो तक्ताच कोरा! उगाच चिडचिड व्हायची. आमच्यात हे बहुतेकांना होतं. जुनी मंडळी बजावतात की या दिवसांत कुठल्याही नव्या शर्यतीत नाव घालू नकोस, कारण तेव्हा माणूस रिकामपण भरायला काहीही निवडतो. ते मी निमूटपणे पाळलं.

तरी मनात यायचं ते येतच होतं. सगळ्यात आधी अल्ट्रामॅन. तीन दिवसांत 10 किमी पोहणं, 421 किमी सायकल आणि 84 किमी पळणं. ऐकायला भारी आहे, पण म्हणजे केलं तेच, फक्त दुपटीहून जास्त. मग दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स, 1921 पासून चालत आलेली सुमारे 90 किमीची धाव. ती मला खरंच आवडते, पण तेवढं पळण्याची माझी सध्या इच्छा नाही, आणि शर्यतीपेक्षा तिच्या सरावातच आयुष्य जास्त जातं. पुन्हा आयर्नमॅन करून वेळ कमी करायचा, असंही सुचवलं कुणी कुणी. ते कुठे पळून जातंय? मॅडोना ब्यूडर नावाच्या अमेरिकन ननने 2012 मध्ये वयाच्या 82 व्या वर्षी आयर्नमॅन पूर्ण केलं. मला पुष्कळ अवकाश आहे.

मग ठरलं काय, तर ब्रेव्हे. लांब पल्ल्याची सायकल, पण शर्यत नाही. पहिला-दुसरा नंबर नसतो. ठरावीक वेळेत ठरावीक अंतर कापायचं, वाटेतल्या कंट्रोलवर, म्हणजे तपासणीच्या ठिकाणी, कार्डावर शिक्का घ्यायचा आणि पुढे निघायचं. 200 किमीला साडेतेरा तास, 300 ला 20, 400 ला 27 आणि 600 ला 40. एकाच हंगामात हे चारही केले की 'सुपर रँडोनियर' म्हणतात. या वेळा घड्याळी असतात, बरं का. पंक्चर, जेवण, डुलकी, रस्ता चुकणं, सगळं त्यातच. म्हणजे ताशी 15 किमीचा वेग थांबण्यासकट राखायचा. वेग काही फार नाही, आणि म्हणूनच तो फसवतो.

मला यात ओढ आहे ती रात्रीची. आयर्नमॅनला अंधार पडतो, पण दिवे असतात, पाणी हातात देणारी माणसं असतात, ओरडून नाव घेणारे असतात. ब्रेव्हेत रात्री दोन वाजता आपल्या दिव्यापुढचा रस्ता तेवढा आपला. झोप अनावर झाली की थांबायचं कधी आणि रेटायचं कधी, हे मला अजिबात येत नाही. 600 मध्ये पहिले 400 किमी 22 तासांत झाले, तर चार तास झोपूनही उरलेल्या 200 ला 14 तास मिळतात. पण ते 22 चे 25 झाले, तर झोपेचा हिशोब संपलाच. पाय कमी पडले तर सराव वाढवता येतो. हा हिशोब मात्र रस्त्यावरच शिकावा लागतो, आणि मला नेमकं तेच शिकायचंय.

त्यापलीकडे फ्रान्समधलं पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस हे मोठं ब्रेव्हे दिसतंच. 1200 किमी, 90 तास. 1891 मध्ये सुरू झालं, आता दर चार वर्षांनी भरतं. मागचं 2023 ला झालं, पुढचं 2027 ला. त्याच वर्षी ही चारही अंतरं पुन्हा करून पात्र ठरावं लागतं. आत्ताच त्याचं नाव घेऊन नाचत नाही, पण तुमच्यापासून लपवतही नाही.

आई, आता तुझी काळजी. रात्री सायकलला पुढे-मागे पक्के दिवे आणि अंगात चमकणारं जाकीट, याशिवाय निघूच देत नाहीत. शर्यत नसल्यामुळे अनोळखी लोकही सोबतीने चालवतात. आणि मी स्वतःशी एक पक्कं केलंय: डोळे मिटायला लागले तर ब्रेव्हे अपुरं राहिलं तरी चालेल, मी थांबणार. गुडघ्यांचं म्हणशील, तर पळणं निम्म्यावर आणलंय. पोहणं ठेवलंय, पण घड्याळ न लावता. आठवड्यातून दोनदा वजनं उचलतेय, आणि रविवार दुपार पूर्ण मोकळी असते. त्यामुळे तुमचे फोन आता चुकणार नाहीत.

बाबा, तुमच्यासाठी काम आहे. प्रत्येक कंट्रोल उघडायची आणि बंद व्हायची वेळ ठरलेली असते. फार लवकर पोचलं तरी शिक्का मिळत नाही. मार्ग ठरला की कंट्रोलची यादी पाठवते. मला तक्ता करून द्या, शेजारी एक रकाना माझ्या अंदाजी वेळेचा. अंक मोठे काढा, अंधारात हँडलवर चिकटवायचाय. त्याची एक प्रत घरीही ठेवा. प्रत्येक कंट्रोलवरून मेसेज करेन. तासभर उशीर झाला तर काळजी करू नका, तीन तास झाला तर खुशाल फोन करा.

तुमची,
लेक