पाककृती वगळून कादंबरी वाचू नका

संपादक महोदय,

स्वयंपाकघरात घडणाऱ्या कादंबऱ्यांवर लिहिताना परीक्षक नायिकेच्या दुःखावर रकाने भरतात आणि पाककृतींची ‘चविष्ट’ या एका शब्दावर बोळवण करतात. लॉरा एस्किव्हेल यांच्या ‘लाइक वॉटर फॉर चॉकलेट’ (मूळ स्पॅनिश, 1989) या मेक्सिकन कादंबरीवर तर हा अन्यायच आहे. बारा महिन्यांची बारा प्रकरणे, प्रत्येकाच्या तोंडाशी साहित्याची यादी. ती यादी ओलांडून पुढे गेलात, तर अर्धे कथानक निसटलेच म्हणून समजा.

शीर्षकच घ्या. मेक्सिकोत चॉकलेट पाण्यात करायची जुनी रीत आहे आणि त्यासाठी पाणी चांगले कढत लागते. रागाने किंवा ओढीने आतून खदखदणाऱ्या माणसाला तिथे ‘चॉकलेटच्या पाण्यासारखा’ म्हणतात. हे ठाऊक नसेल तर शीर्षक उगाच गोड वाटते.

धाकट्या मुलीने लग्न न करता आईला मरेपर्यंत सांभाळायचे, ही नायिका तिताच्या घरची रीत. तिला तोंड उघडायची मुभा नाही, म्हणून ती रांधते. एप्रिलच्या प्रकरणात टर्कीचे मोले, म्हणजे मिरच्या-मसाल्यांचा दाट रस्सा, आहे. त्यात बदाम, तीळ आणि भाजलेल्या मिरच्या. मिरची जरा करपली की सगळे मोले कडवट होते, मग काही केल्या ते सुधारत नाही. वाटण ‘मेताते’वर. हा तीन पायांचा, पुढे उतरता दगड. त्यामागे गुडघे टेकून, दोन्ही हातांनी, अंगाचा भार देत वाटावे लागते. तिता अशी वाटत असताना तिचा प्रियकर पेद्रो आत येतो आणि बघतच राहतो. अनुवादकाने इथे नुसते ‘पाटा’ लिहून काम भागवले तर तिची ती बसण्याची ढब जाते, आणि तो प्रसंग उभा आहे तो त्या ढबीवरच.

वाचताना पेन्सिल हाताशी ठेवा. कृती मध्येच तुटते, एखादी आठवण शिरते, मग हात पुन्हा कामाला लागतो. जिथे तुटते तिथे खूण करा. बाईच्या मनातले बहुतेक त्याच फटीत सापडते.

ऑक्टोबरचे प्रकरण तर अजिबात घाईने वाचू नये. मेक्सिकन क्रांतीत फौजेचे नेतृत्व करणारी तिताची बहीण हेर्त्रूदिस साखरेच्या पाकाची कृती हातात धरून उभी आहे आणि तिला त्यातले अक्षर उमगत नाही. तिता हाताशी नाही. शेवटी तिचा सार्जंट त्रेविन्यो पाक करायला पुढे येतो.

– एक वाचक