दारू शेवटची कधी घेतली, एवढं तरी लिहा

माननीय आरोग्यमंत्री,
गोवा राज्य, पणजी

महोदय,

मी डिचोली तालुक्यातली. एका इस्पितळाच्या रेकॉर्ड विभागात गेली एकोणीस वर्षं काम करते. पेशंट घरी गेला की त्याची फाईल माझ्या टेबलावर येते. डॉक्टरांनी डिस्चार्ज कार्डावर जो आजार लिहिला असेल, त्याला आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला कोड लावायचा, हे माझं काम. मांडीचं हाड मोडलं तर एस ७२, नेहमीचा मधुमेह ई ११. दारूचे विकार एफ १० मध्ये येतात आणि टिंबापुढचा आकडा नेमकं काय झालं ते सांगतो: ० म्हणजे त्या वेळची नशा, १ म्हणजे शरीराला अपाय करणारं पिणं, २ म्हणजे व्यसन जडलेलं, ३ म्हणजे दारू तुटल्यावरचा, म्हणजे अचानक बंद झाल्यावरचा त्रास, ४ म्हणजे त्या त्रासात भान सुटलेलं. मात्र डॉक्टरांनी जे लिहिलं नाही, त्याचा कोड मला लावता येत नाही. मला स्वतःला माहीत असलं तरीही नाही.

माझ्या थोरल्या भावाचं सांगते.

२०१८ साली खाणी दुसऱ्यांदा बंद पडल्या आणि खनिज वाहणारा त्याचा ट्रक दारात उभा राहिला. आधी तो संध्याकाळी घ्यायचा, मग सकाळीही घेऊ लागला. पुढच्याच वर्षी स्कूटरवरून पडून मांडी मोडली. केस पेपर करताना डॉक्टरांनी विचारलं, ‘घेतात का?’ वहिनी म्हणाली, ‘कधीमधी.’ कागदावर आलं: ‘ऑकेजनल’. प्रत्यक्षात रोज दीड क्वार्टर चालू होती. १८० मिलीच्या एका क्वार्टरमध्ये, दारू ४२.८ टक्क्यांची असेल तर, साधारण ६० ग्रॅम अल्कोहोल असतं. म्हणजे रोज ९० ग्रॅम घेणाऱ्या शरीराची दारू एका दिवसात तुटली आणि ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. तिसऱ्या रात्री तो घामाने निथळत उठून बसला. वॉर्डात ट्रक घुसताहेत म्हणून ओरडू लागला, सलाईन उपटलं. शेवटी त्याचे हात पलंगाला बांधले. शेवटच्या पेल्यानंतर दोन-तीन दिवसांनी असं होऊ शकतं. आधी माहीत असेल तर औषधं देऊन बहुतेक वेळा टाळता येतं, माहीत नसेल तर माणूस दगावूही शकतो. डिस्चार्ज कार्डावर फ्रॅक्चर आलं, ऑपरेशन आलं, गोळ्या आल्या, टाके काढायची तारीख आली. त्या रात्रीचं एक अक्षर नाही.

दोन वर्षांनी हर्निया झाला. इस्पितळ दुसरं होतं. जुनी फाईल आम्ही जपून नेली होती आणि सर्जननी ती नीट वाचली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पण वाचून त्यांना कळणार काय? पुन्हा तेच सगळं झालं. या वेळी फिटही आली आणि टाके उसवले. रात्रपाळीच्या एका तरुण डॉक्टर मुलीने वहिनीला बाजूला घेऊन विचारलं, ‘शेवटची कधी घेतली होती?’ इतक्या वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदाच कुणी विचारला होता.

त्यानंतर भावाने उपचार घेतले. आज चौदा महिने तो दारूला शिवलेला नाही. तरी साधं बीपी तपासायला गेला की केस पेपरच्या डोक्यावर ‘नोन अल्कोहोलिक’ असतं, मागच्या कागदावरून जसंच्या तसं उतरवलेलं. ते वाचून समोरच्याचा आवाज बदलतो आणि भाऊ मान खाली घालतो. वर्गीकरणात यालाही जागा आहे, साहेब. एफ १०.२० म्हणजे व्यसन होतं, सध्या दारू बंद आहे. २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत तर नुकतीच सुटलेली आणि दीर्घकाळ सुटलेली असाही फरक केला आहे. हवं तेव्हा कागद कोरा ठेवायचा आणि नको तेव्हा शिक्का कायम ठेवायचा, या दोन्हींनी माझ्या भावाचं नुकसान केलं.

वहिनी खोटं का बोलली, हे मी तिला विचारलं. लाज होतीच. पण शेजारणीने सांगितलं होतं की दारू लिहिली तर विमा मिळणार नाही. शेजारीण काही चुकीचं बोलली नव्हती. विमा नियामकाने ठरवून दिलेल्या अपवादांत, म्हणजे विम्याचे पैसे न मिळणाऱ्या गोष्टींत, बारावा अपवाद व्यसनावरच्या उपचारांचा ‘आणि त्याच्या परिणामांचा’ आहे. उलट २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्था मानसिक आजारात धरतो, आणि कलम २१(४) मध्ये विमा कंपन्यांना सांगतो की या आजारांना शारीरिक आजारांसारखंच संरक्षण द्या. या दोहोंत कात्रीत सापडतात ते घरचे लोक, आणि मग डॉक्टरांपुढे हात जोडतात: ‘दारूचं लिहू नका.’ डॉक्टरही माणूसच, तो दया करतो. त्या दयेपायी माझ्या भावाचे टाके उसवले.

म्हणून माझं पहिलं मागणं विम्याचं आहे. हा बारावा अपवाद तुमच्या हातात नाही, पण गोव्याचे आरोग्यमंत्री म्हणून दिल्लीला लेखी विचारणं तुमच्या हातात आहे. खरं सांगितल्याचा भुर्दंड पडतो तोवर लोक खरं सांगणार नाहीत.

बाकीचं तुम्ही एका परिपत्रकाने करू शकता. सरकारी इस्पितळांच्या केस पेपरवर चार ओळी छापून घ्या: काय घेतात, रोज किती, केव्हापासून, शेवटची कधी. ‘काय’ विचारायलाच हवं, कारण काजूच्या सौम्य हुर्राकचा पेला आणि कडक फेणीचा पेला एक नव्हे. वॉर्डात दारू तुटल्याचा त्रास झाला असेल तर तो डिस्चार्ज कार्डावर आलाच पाहिजे. आणि पुढच्या प्रत्येक भेटीत आजची स्थिती नव्याने लिहावी, जुनी उतरवू नये. हा कागद पलंगाच्या पायथ्याशी सगळ्यांना दिसेल असा टांगू नका. गुप्ततेचा हक्क मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेच दिलेला आहे.

विचारल्याने काय होतं, हे गोव्याने जगाला दाखवलं आहे. पर्वरीच्या ‘संगाथ’ या संस्थेने आपल्याच दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत पुरुषांना पिण्याबद्दल ठरावीक दहा प्रश्न विचारले, आणि ज्यांचं पिणं अपायकारक होतं त्यांच्याशी डॉक्टर नसलेल्या, शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी मोजक्या भेटींत बोलणं केलं. तीन महिन्यांनी त्यांच्यातल्या ३६ टक्क्यांचं पिणं धोक्याच्या पातळीखाली आलं होतं. नुसत्या नेहमीच्या उपचारांत हे प्रमाण २६ टक्के होतं. २०१७ साली हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. असे समुपदेशक किती केंद्रांत लागतील, हे तुमच्या खात्याला आमच्याच कोडवरून मोजता येईल. आज मोजायला गेलात तर तुम्हाला फ्रॅक्चर आणि हर्निया सापडतील.

पुढच्या महिन्यात भावाचं पित्ताशयाचं ऑपरेशन आहे. फाईलच्या पहिल्या पानावर मी माझ्या हाताने एक कागद टाचला आहे: रोज दीड क्वार्टर होती, दोनदा भान सुटलं, एकदा फिट आली, चौदा महिने बंद आहे. खाली त्याने स्वतः सही केली आहे. तो कागद कुणी वाचेल ना, एवढंच त्याने मला विचारलं.

आपली,
रेकॉर्ड विभागातली एक कर्मचारी
डिचोली