पहिले आठ दिवस वाचायला लावू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत शहरातल्या शाळांमधल्या समुपदेशकांवर लेख आला होता. सुट्टीनंतर रडत येणाऱ्या पहिलीतल्या मुलांसाठी वेगळी खोली, हातात घालायच्या बाहुल्या, आणि आईचा पदर सुटेना अशा पोरासोबत फाटकापाशी नुसती बसून राहणारी ताई. लेख चांगला होता. वाचून हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. पण त्यात शाळेत परतणारी मुलं म्हणजे मे महिन्याच्या सुट्टीवरून येणारी, एवढंच धरलं होतं. आमची मुलं सुट्टीवरून येत नाहीत, आई-बाप ऊस तोडायला जातात त्या उसाच्या फडावरून येतात. म्हणून हे पत्र.

मी पाटोदा तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. नोकरीला २२ वर्षं झाली. पहिली ते चौथी, पटावर ३७ मुलं, शिक्षक दोन. दिवाळीच्या मागंपुढं मजूर नेणाऱ्या मुकादमाचा ट्रॅक्टर येतो, उचल म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम घेतलेली जोडपी भांडीकुंडी, पीठमीठ, कोंबड्या अन् लेकरं घेऊन चढतात, आणि माझा हजेरीपट निम्मा रिकामा होतो. कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी थेट कर्नाटकात. जाताना आम्ही शिक्षण हमी कार्ड देतो, म्हणजे तिकडच्या शाळेनं दाखल करून घ्यावं. बैलगाडीवाल्यांचा अड्डा निदान कारखान्याजवळ एका जागी असतो. ट्रॅक्टरची टोळी मात्र फडामागं हलत राहते, मग कार्ड कोपीच्या, म्हणजे पाचटाच्या झोपडीच्या, कुडाला खोचलेलंच राहतं. पाडव्याच्या आसपास पट्टा पडला, म्हणजे तोडीचा हंगाम संपला, की पोरं परत येतात. वार्षिक परीक्षेला तेव्हा महिनाही उरलेला नसतो.

या परत येण्याबद्दल मला बोलायचंय. आणि आधी माझीच एक चूक सांगितली पाहिजे.

आठ-नऊ वर्षं झाली असतील. तिसरीतला एक मुलगा चार-साडेचार महिन्यांनी वर्गात आला. मला आनंद झाला होता, त्या भरात मी पहिल्याच दिवशी त्याला उभा केला आणि म्हणालो, वाच बरं, बघू कितपत आठवतंय. त्यानं पुस्तक धरलं. ओठ हलले, आवाज आला नाही. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन् हसलं. तो म्हणाला, "सर, बाहेर जाऊन येऊ का?" मी म्हणालो, जा. गेला तो अकरा दिवस आला नाही. शेवटी मीच माळावर गेलो तर शेरडं राखत बसलेला. मला बघून पळाला नाही, पण वर बघेना. चौथी कशीबशी झाली, पाचवीला तालुक्याच्या शाळेत नाव घातलं, गेला नाही. आता तो स्वतःच उचल घेतो. परवा स्टँडवर भेटला, वाकून पाया पडला. मला ते नकोसं झालं.

तीन वर्षांमागं एका संस्थेनं आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या गटातल्या, शाळांसाठी एक समुपदेशक पाठवली. पंचविशीतली मुलगी, मानसशास्त्रात शिकलेली. मार्च-एप्रिल आणि पुन्हा जून-जुलै, आठवड्यातला एक दिवस आमच्याकडं. पहिल्याच भेटीत तिनं मला सांगितलं, "सर, परत आलेल्यांना पहिले आठ दिवस वाचायला लावू नका." मी मनात म्हणालो, बाई, माझ्याकडं आहेत किती दिवस? चाचणी कोण घेणार, निपुण योजनेचे, कुणाला वाचता-मोजता येतं त्याचे, आकडे कोण भरणार? तोंडानं मात्र बरं म्हणालो.

तिचं काम बघून पहिल्यांदा वाटलं, ही काहीच करत नाही. व्हरांड्यात सतरंजी टाकायची, चिंचोके, काचेच्या गोट्या, खडू पसरायचे आणि बसून राहायचं. त्या आठवड्यात दुसरीतली एक मुलगी आली ती कडेवर दीड वर्षाचा भाऊ घेऊन. दारातच उभी. मी एरवी म्हणालो असतो, त्याला अंगणवाडीत ठेवून ये. पण अंगणवाडीत बसायला तीन वर्षं पुरी लागतात, त्याच्या आतल्यांना घरी न्यायचं पाकीट मिळतं. आई रोजगार हमीवर, आजी नाही. म्हणजे 'ठेवून ये' याचा अर्थ तू घरी जा असाच होता, आणि असं मी किती पोरींना म्हणालो असेन देव जाणे. समुपदेशक ताई म्हणाली, "दोघं या." भावाच्या हातात खडू दिला, त्यानं तो खाल्ला.

पोरगी चिंचोक्यांचे ढीग लावत बसली. ओठांतल्या ओठांत काहीतरी चालू होतं. ताईनं काय म्हणतेस असं विचारलं नाही. नुसते कान दिले, आणि थोड्या वेळानं आपणही तसंच मोजायला लागली, चुकीचं. "ओंदु, मूरु, एरडु..." पोरगीनं झटकन मान वर केली. "तसं नाई, ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु!" परत आल्यापासूनचं तिचं शाळेतलं पहिलं मोठ्यानं बोलणं हे, आणि तेही कानडीत. मग कळलं की ट्रकमध्ये किती मोळ्या चढल्या ते मोजायचं काम तिच्याकडं होतं. शंभराच्या पुढं बिनचूक जायची. माझ्या नोंदीत ती संख्याज्ञानात मागं होती. दोन दिवसांत अख्खा वर्ग कानडीत मोजत होता, आणि ज्या पोरांनी पूर्वी हसायचं काम केलं असतं ती तिला विचारत होती, 'दहाला काय म्हणत्यात गं?' वाचन तिनं नवव्या दिवशी आपणहून उघडलं. अडखळली, पण पुस्तक सोडून पळाली नाही.

ताईनं आणखी एक केलं, ते मला कधी सुचलं नव्हतं. टोळी गेली की आम्ही जागा भरून घेतो, पुढं सरका म्हणतो. परत आलेल्याला मागं कुठंतरी कोपरा मिळतो. ती म्हणाली, जागा राखून ठेवा, आणि जागा राखायला जोडीदार नेमा. आता मुलगा यायच्या आदल्या दिवशी त्याचा जोडीदार बाकावरची धूळ पुसतो. एवढंच. पण दारात आलेलं पोर कुठं बसू म्हणून माझ्याकडं बघत नाही, सरळ जाऊन बसतं.

घरी ती दिवस मावळल्यावर जायची, कारण आया तेव्हाच सापडतात. दुपारी सभा लावून 'पालकांचा प्रतिसाद नाही' असं लिहून मोकळं व्हायची आमची पद्धत, तीही तिच्यामुळं मोडली. गावात आजीजवळ राहून हंगामी वसतिगृहात जेवणाऱ्या मुलांचं तर आम्ही कधी मनावरच घेतलं नव्हतं. ती शाळेत रोज येतात, त्यांना काय होणार? पण आई-बाप परत आल्यावर दोन दिवस आईजवळ न गेलेली पोरगी तिला सापडली. "आईचीच लाज वाटती," म्हणाली होती म्हणे. हे तिच्या आजीकडून कळलं, ताईकडून नव्हे. ताई मुलांचं काही सांगायचीच नाही.

त्यावरून आमचं वाजलंही. एका मुलानं फडात अपघात बघितलेला, ट्रॅक्टर सुरू झाला की तो बाकाखाली जायचा. मी विचारलं, काय म्हणाला तो? ती म्हणाली, "सर, जिवाला धोका असेल, कुणी मारझोड करत असेल तर तुम्हाला पहिल्यांदा सांगेन. बाकीचं त्याचं आहे." मला राग आला. पोर माझं, शाळा माझी, आणि ही दोन महिन्यांची पाहुणी मला सांगणार! घरी जाऊन विचार केला तेव्हा लक्षात आलं, माझ्या हातात हजेरीपट आहे, गुणपत्रक आहे, बापाला बोलावून घ्यायचा अधिकार आहे. अशा माणसाला पोर कशाला खरं सांगेल? त्या मुलाला नंतर जिल्ह्याच्या रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांकडं न्यावं लागलं. तेही तिनंच ओळखलं. मी त्याला खोड्या काढतो म्हणून दोनदा रागावलो होतो.

सगळंच तिचं बरोबर होतं असं नाही. फडावरून आलेलं प्रत्येक पोर दुःखी असणार असं ती धरून चालायची. काही पोरांना तिकडची आठवण येते, वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून मिळालेल्या पैशांची, रात्रीच्या गाड्यांच्या दिव्यांची. शाळेच्या चार भिंतींत त्यांना कोंडल्यासारखं होतं. हे मी तिला सांगितलं, तिनं वहीत लिहून घेतलं.

आता मुद्द्याचं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या कलम ४ मध्ये शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात घ्या आणि बरोबरीला आणायला विशेष प्रशिक्षण द्या असं आहे. म्हणजे वाचन-गणित भरून काढायची सोय कायद्यानं मानली. त्याच कायद्याच्या परिशिष्टात साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक धरलेत, सहावी ते आठवीला शंभरावर पट असेल तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभवाला अंशकालीन निदेशक धरलेत. समुपदेशक कुठंच नाही. सीबीएसईचे नियम समुपदेशक मागतात, पण माध्यमिकपासून पुढं. सहा-सात वर्षांच्या मुलाला मन नसतं, ते नववीतच फुटतं की काय? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी वर्षातून एकदा येते, डॉक्टर मंडळी दात, डोळे, कातडी तपासून जातात, काम चांगलं करतात. फडावरून आलेलं पोर मुकं झालंय हे त्या एका दिवसात कुणाला दिसणार?

कोरोनानं मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा 'मुलं परत येतील तेव्हा त्यांच्या मनाचं काय' हा प्रश्न सगळ्यांना पडला. केंद्रानं त्याच वर्षी 'मनोदर्पण' सुरू केलं, आम्हाला मोबाइलवर प्रशिक्षणं आली, मी सगळी पुरी केली, प्रमाणपत्रं आहेत. ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग उघडले १ डिसेंबर २०२१ ला. त्या दिवशी गावोगावी फुलं देऊन स्वागत झालं. आमची घंटा वाजली तेव्हा निम्मी पोरं फडात पोचून महिना झाला होता. शहराला जे एकदा सोसावं लागलं ते इथं दरसाल होतं, आणि त्यावर परिसंवाद होत नाहीत.

संस्थेचा निधी संपला, ताई गेली. मी केंद्राच्या बैठकीत विषय काढला, लेखी दिलं. 'शिक्षकांनीच समुपदेशकाची भूमिका पार पाडावी' असं तोंडी उत्तर मिळालं. शिक्षकानं मायेनं वागावं हे मान्यच आहे. जोडीदार, राखलेली जागा, आठ दिवसांची सवलत, एवढं आम्ही दोघं शिक्षक आजही पाळतो. पण ऐकून घेणारा आणि गुण देणारा माणूस एकच असेल तर काय होतं ते वर लिहिलंच आहे.

मागणी मोठी नाही. ऊसतोडीच्या तालुक्यांत प्रत्येक केंद्राला एक फिरता समुपदेशक द्या. वर्षभर जमत नसेल तर पट्टा पडल्यापासून परीक्षेपर्यंत आणि शाळा उघडल्यापासून महिना-दीड महिना. तो शाळेच्या अहवालाला बांधलेला नसावा, त्याच्याकडून आकडे मागू नयेत. मराठवाड्यातली बोली येणारा असावा, कानडी येत असेल तर सोन्याहून पिवळं. नेमणूक मार्चच्या आत व्हावी. जूनमध्ये आदेश काढून सप्टेंबरात माणूस येणार असेल तर दिवाळीला पोरं पुन्हा ट्रॅक्टरमध्ये बसलेली असतील.

वेगळी खोली, बाहुल्या नसल्या तरी चालेल. सतरंजी आमच्याकडं आहे, चिंचोके गावात पोत्यानं मिळतात.

आपला,
एक प्राथमिक शिक्षक,
पाटोदा तालुका, जि. बीड
(नाव छापू नये, ही विनंती.)