विजू, तू बरोबर होतीस

अमळनेर
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय विजू,

काय वं माय, कशी शे तू?

दिवाळीपासून तुझे तीन मेसेज येऊन पडलेत आणि मी एकाचंही उत्तर दिलं नाही. फोन उचलला नाही तो मुद्दामच उचलला नाही. तुझा आवाज ऐकला असता तर रडले असते, आणि घरात तेव्हा कोणाला रडू देऊन चालणार नव्हतं. माझी तब्येत बरी आहे. शुगर आटोक्यात, चष्म्याचा नंबर वाढलाय, बस.

नानाला ब्रुसेला झालाय. मेलिटेन्सिस असणार, शेळ्यांकडून आलाय.

हे वाचून तू एकदम ताठ बसली असशील. म्हणून तर तुलाच लिहितेय. इथे कोणाला सांगितलं तर जनावरांकडून माणसाला येणारा जंतूचा ताप, असं म्हणत आधी तो शब्द समजावण्यातच अर्धा तास जातो.

नवरात्रात ताप सुरू झाला. दुपारपर्यंत माणूस ठीक, कापूस वेचणाऱ्या बायांची वजनं लिहून घेणार, आणि दिवेलागणीला हुडहुडी. जवळच्या एका डॉक्टरांना दाखवलं, रक्ताची विडाल टेस्ट पॉझिटिव्ह आली, टायफॉइड म्हणाले. दहा दिवस औषध, ताप उतरला, आठवड्याने परत. पुन्हा विडाल, पुन्हा टायफॉइड. विडालचं आपल्याकडे काय असतं ते तुला काय सांगू, धडधाकट माणसाची काढली तरी येते. आणि मी, विजू, मी विहिरीचं पाणी तपासत बसले! टायफीची, त्या टायफॉइडच्या जंतूची, दोनशेच्या वर जनुकं मोडून पडलीत, माणूस सोडून त्याला दुसरं बिऱ्हाड उरलेलं नाही, हे मी दरवर्षी टी.वाय.च्या पोरांना फळ्यावर लिहून देते. टायफॉइड म्हटलं की शोधायचं ते पाण्यात आणि माणसांत. खळ्यात बांधलेल्या आठ शेळ्यांकडे माझी नजरच गेली नाही.

भाऊबीजेला ओवाळायला गेले तर नाना पाटावर बसेना, कंबर धरलेली. वजन आठ किलोनं उतरलेलं. एव्हाना टीबीची शंका निघाली होती. सकाळी वहिनी गोधडी उन्हात टाकायला निघाली, मी म्हटलं, दे इकडे. घामानं जड झालेली. घडी उलगडली आणि वास आला. ओल्या कडब्याचा वास, पावसात भिजून आत गरम झालेल्या पेंढीचा. मोठ्या सरांचं वाक्य आठवलं ना तुला? ‘या तापाच्या घामाला कुजक्या गवताचा वास येतो.’ मी तशीच गोधडी हातात घेऊन उभी. वहिनीला विचारलं, शेळ्यांचं काय चाललंय? ती म्हणाली, ‘भादव्यात दोघी सुरत्यांनी गाभ टाकला ना. एकीची वार अडकली होती, ह्यांनीच हातानं काढली.’ उघड्या हातानं. बोटांना कापसाच्या बोंडांचे ओरखडे.

माझ्या ओळखीच्या लॅबमध्ये मी स्वतः बसले. पांढऱ्या टाइलवर नानाच्या सिरमचा थेंब, शेजारी गुलाबी अँटिजेनचा, काडीनं एक केले आणि टाइल हलवत राहिले. चार मिनिटं थांबायचं असतं, दुसऱ्या मिनिटालाच दाणे धरले, म्हणजे पॉझिटिव्ह. नासलेल्या दुधासारखे, गुलाबी. तुला सांगते, आयुष्यात इतक्या टाइल हलवल्या असतील, पण घरच्या माणसाचं रक्त त्यावर फुटताना पाहणं वेगळं असतं.

आता डॉक्सी आणि रिफाम्पिसिन, सहा आठवडे, चौथा चालू आहे. ताप गेलाय. लघवी केशरी झाली म्हणून घाबरला होता, मी सांगितलं ते औषधाचंच. पण मधेच सोडायचं नाही म्हणून रोज संध्याकाळी फोन करून गोळी घेतलीस का विचारते. आपल्या लॅबचा जिभाऊ असता तर म्हणाला असता, ‘मॅडम, नावातच शे ना, रुसेला! लवकर मनावर घेवाव नही.’ आठवतं, तुझ्या प्रोजेक्टच्या रक्ताच्या बाटलीत तीन आठवडे काही उगवेना तेव्हा त्याने इन्क्युबेटरला ऊदबत्ती लावली होती? आणि दुसऱ्या दिवशी उगवलं! तू त्याला पेढे दिलेस.

आता खरी गोष्ट.

आपलं भांडण आठव. २००२ साली मेलिटेन्सिसचा जीनोम छापून आला, सरांनी झेरॉक्स आणली आणि विद्यापीठाच्या टेकडीवर आपला सेमिनार लागला, ब्रुसेला ही एकच जात की अनेक. तू म्हणालीस, डीएनए नव्वद टक्क्यांहून जास्त जुळतो, १९८५ मध्येच एक जात माना असं सुचवलं गेलंय, ही सगळी नावं जनावरं पाहून दिलेली. मी हट्टाला पेटले. दोन गुणसूत्रं मिळून डीएनएची तेहतीस लाखांच्या आसपास अक्षरं, ना प्लाझ्मिडचं सुटं डीएनए-कडं, ना नेहमीचं विष, ना कवच. फरक असा मूठभरच. पण त्या मुठीत काय आहे बघ, म्हटलं. अबॉर्टस गाईकडे, मेलिटेन्सिस शेळीकडे, आणि ओव्हिसची जनुकं मोडली, वरची साखरेची साखळी गेली, तर तो मेंढीपुरताच राहिला, माणसाला शिवतही नाही. माझं आजही तेच मत आहे. तिथे मी माघार घेणार नाही.

पण त्याच दिवशी दुसरा मुद्दा निघाला होता, आणि तो मी जिंकले होते. टाळ्या मला पडल्या. मी म्हटलं, गाई-शेळ्यांच्या गर्भाशयात एरिथ्रिटॉल असतं, ती साखर या जंतूला सगळ्यात प्यारी, म्हणून तो तिथे धाव घेतो आणि गाभ पडतो. बाईच्या वारेत ती साखर नाही, म्हणून बाईला धोका नाही. पुस्तकात तसंच होतं. तू एकटी उभी राहिलीस. म्हणालीस, गाईंच्या लसीतला जंतू एस-१९, त्याच्या डीएनएमधली ७०२ अक्षरं गळालीत, त्याला ती साखर पचतच नाही, तरी गाभण गाईला टोचली तर कधीकधी तीही गाभडते. मग साखरेवरच सगळं कसं? कोणी ऐकलं नाही तुझं. तू रागानं कॅन्टीनला न येता थेट बांभोरी फाट्यावर जाऊन उभी राहिलीस.

विजू, पप्पूच्या सोनलला सातवा लागलाय. चार महिने त्या शेळ्यांची धार तीच काढायची. आणि वहिनी तिला मुद्दाम धारोष्ण दूध द्यायची, बाळ धष्टपुष्ट व्हावं म्हणून.

तिला ताप नाही, काही नाही. टाइलवर बारीक दाणे आले, ट्यूब टेस्ट १:४० वर थांबली. डॉक्टरीणबाई समंजस आहेत, दोन आठवड्यांनी पुन्हा काढू म्हणाल्या. आकडा चढला तर औषध, पण तिला डॉक्सी देता येत नाही. आता रात्री मी सारखी तो सेमिनार आठवते. एरिथ्रिटॉल नसतं, एरिथ्रिटॉल नसतं, असं जपासारखं म्हणते. आणि मला माहीत आहे, बायकांचेही गर्भ या आजारानं गेलेत, तू बरोबर होतीस. एवढ्यापुरती तू चूक असावीस असं फार वाटतं गं.

सगळ्यात वाईट हे की आपण माणसं त्या जंतूचे कोणीच नाही. आपल्यातून तो पुढे जवळपास जातच नाही. त्याचं सगळं शिक्षण शेळीच्या घरातलं, आणि तरी माणसाला सगळ्यात जास्त छळतो तो हाच. अमेरिकेतल्या जंतुशास्त्रज्ञ ॲलिस इव्हान्सनं १९१८ मध्ये लिहिलं की गाईचा आणि शेळीचा जंतू सख्खे आहेत, कच्चं दूध पिऊ नका, तर कोणी मानलं नाही. चार वर्षांनी तिलाच तो चिकटला आणि पुढे वर्षानुवर्षं पुरला. सर हे सांगताना खिडकीबाहेर गिरणेकडे बघायचे.

पशुवैद्यकांना बोलावून आठही शेळ्यांचं रक्त काढलं. तीन पॉझिटिव्ह निघाल्या. सरकारी लस आहे ती कालवडी आणि पारड्यांना, चार ते आठ महिन्यांच्या. शेळ्या त्यात नाहीत. नाना म्हणतो, बुधवारच्या बाजारात तिघी काढून टाकतो. मी म्हटलं, म्हणजे दुसऱ्याच्या सोनलच्या दारात नेऊन बांधशील. तेव्हापासून तो माझ्याशी गोळीपुरतंच बोलतो. त्याचंही खरं आहे, कापसाला भाव नाही, औषधपाण्यात खिसा रिकामा झालाय, आणि शेळी मारली तर भरपाई कोण देणार? मी पैसे देते म्हटलं तर अपमान झाला. बहिणीकडून घेणार नाही.

तुझं तो ऐकतो. खळ्यावर भरीत-पार्टीला आलीस तेव्हापासून ‘विजूताई शिकलेली शे’ हेच त्याचं पालुपद, जणू मी अंगठेबहाद्दर! बुधवारच्या आत त्याला एक फोन कर. मी सांगितलं म्हणू नकोस. म्हण, पुण्याच्या लॅबमधून बोलते, त्या शेळ्या वेगळ्या बांध, विकू नको, वार-बीर पडली तर हातमोजे घालून चुन्यात पूर. दूध उकळून मगच घरात. आणि पैशांचं तूच काहीतरी सुचव, उसने म्हणून का होईना.

सासूबाईंचा गुडघा कसा आहे? ईशानची बारावी ना यंदा, त्याला शाब्बास सांग. बिबड्या केल्यात, पप्पू पुण्याला येईल तेव्हा देते. सोनलचं रक्त पुन्हा शुक्रवारी काढायचंय. त्या दिवशी तुझा फोन वाजला की उचल.

तुझी,
कुंदा