बाबा, तुमच्या ‘जन्मठेपे’बद्दल

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर बाबांना निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं आईच्या “अहो, ते मशीन घाला आधी कानात” यात जातं, म्हणून हे पत्र. अक्षर मुद्दाम मोठं ठेवलंय. दादा छापून आणून देईल.

बाबा, परवा तुम्ही पुन्हा तोच विषय काढलात. इथे आला होतात तेव्हा मी रविवारी कामाला जाते ते छोटं प्राणिसंग्रहालय बघून गाडीत बसल्यावर म्हणाला होतात, “ना खटला, ना अपील, सरळ जन्मठेप. गुन्हा काय यांचा?” आई तर अजून म्हणते, सोडून द्या गं बिचाऱ्यांना, तळतळाट लागेल. मी दर वेळी हसण्यावारी नेते. पण कोर्टात शिरस्तेदारी केलेल्या माणसाला लेखी म्हणणं द्यायला हवं, ते आज देते.

खटला होतो, बाबा. गाडीची धडक बसलेलं घुबड, विष खाल्लेला उंदीर गिळून लोळागोळा झालेला बाज, मांजराने पंजा मारलेलं पाखरू, असं काही सापडलं की लोक ते वन्यप्राण्यांच्या दवाखान्यात नेतात. कॅलिफोर्नियातल्या वॉलनट क्रीकला लिंडसे म्हणून संग्रहालय आहे, त्यांनी 1970 साली असा दवाखाना काढला; या देशातला तो पहिला मानतात. तिथे अजूनही वर्षाला पाच हजारांवर जनावरं येतात. बरं करायचं आणि परत रानात सोडायचं, एवढ्यासाठीच ही सगळी खटपट. पक्षी असेल तर केंद्र सरकारच्या नियमात मुदतसुद्धा आहे, 180 दिवस. त्यापुढे ठेवायचा तर वेगळी परवानगी. उपचार चालू असताना तो लोकांना दाखवायलाही बंदी. सोडण्याआधी लांबलचक पिंजऱ्यात उडवून बघतात, शिकारी पक्ष्याला जिवंत उंदीर धरता येतो का तेही बघतात.

नापास झाला तर? इथेच तुमचा आणि माझा मतभेद आहे. तुम्हाला वाटतं, आम्ही त्याला आकाशाऐवजी पिंजरा दिला. पूर्ण आंधळा झालेला पक्षी, आपलं आपण खाता न येणारा पक्षी, ज्याचा पाय किंवा कोपरापासून पंख कापावा लागेल असा पक्षी, यांना शांतपणे मरण द्यावं असं नियमातच लिहिलंय. कापाकापीच्या आणि आंधळ्या पक्ष्यांच्या बाबतीत अपवाद करता येतो, पण त्याला डॉक्टरचं लेखी मत लागतं आणि आयुष्यभर सांभाळायला तयार असलेली परवान्याची जागा आधी हातात असावी लागते. अशा जागा थोड्या. तेव्हा तुम्ही पाहिलीत ती अपील मंजूर झालेली मंडळी. बाकीच्यांचा निकाल इंजेक्शनने लागतो.

ते तुरेवालं मोठं घुबड, ज्याला आईने लांबूनच हात जोडले, त्याच्या पंखाचं हाड वाकडं जुळलंय. चार-पाच हात उडतं आणि खाली येतं. तेवढ्यावर रात्रीची शिकार होत नाही. आणि झाडावर चढून बसलेला करडा कोल्हा! तुम्ही किती वेळ मानायलाच तयार नव्हता की कोल्हा झाडावर चढतो. अमेरिकेतल्या कुत्रा-कोल्ह्यांच्या कुळात एवढा सराईतपणे चढणारा तोच एक. त्याला मात्र कुठलीही जखम नाही. कुणीतरी पिल्लू असताना हौसेने घरी नेलं, कुत्र्यासारखं वाढवलं, आणि मोठा होऊन घरभर घाण करायला लागला तेव्हा आणून सोडला. कॅलिफोर्नियात असं पाळणं गुन्हा आहे, पण गुन्हा करणारा घरी गेला आणि तो इथे राहिला. या एका बाबतीत तुमचा ‘जन्मठेप’ शब्द मी मान्य करते. माणसाची भीती गेलेला कोल्हा सोडला तर तो पहिल्याच अंगणात जाऊन खायला मागणार आणि तिथे कुणीतरी त्याला मारणार.

आमचं लाल डोक्याचं गिधाड, टर्की व्हल्चर, त्याचंही तेच. पंख शाबूत, नजर उत्तम, मेलेल्याचा वास लांबून येणारं नाक शाबूत. पण अंड्यातून निघाल्यापासून माणसाच्या हातून खाल्लं, त्यामुळे आपण माणूसच आहोत अशी त्याची खात्री आहे. दुसरं गिधाड समोर आणलं तर ढुंकून बघत नाही. पिंजरा झाडायला येणाऱ्या मुलाच्या बुटांपुढे मात्र पंख पसरून मान डोलावतं. लोक हसतात. मला हसू येत नाही. मार लागलेला पक्षी कधीतरी बरा होतो, लळा लागलेला होत नाही.

म्हणून तर कॅलिफोर्निया काँडोर या इथल्या मोठ्या गिधाडाच्या वेळी माणसांनी चेहरे लपवले. 1987 साली जगात अवघे 27 काँडोर उरले होते आणि ते सगळे पिंजऱ्यात होते. पिल्लांना भरवायला काँडोरच्या डोक्यासारखी बाहुली हातात घालायचे, माणूस पडद्याआड. 1992 पासून ते पक्षी सोडायला लागले. आज रानातले आणि पिंजऱ्यातले धरून पाचशेच्या वर आहेत. पिंजरा नसता तर ती जात उरली नसती. आपल्याकडेही तेच चाललंय ना. बाबा, तुम्ही सांगता तशी गावाबाहेर मेलेल्या बैलावर थव्याने बसणारी गिधाडं मी कधी पाहिलीच नाहीत. गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावरातून त्यांच्या पोटात गेलं आणि त्याने ती संपवली. गुरांसाठी ते औषध 2006 साली बंद केलं, तोवर नव्वद टक्क्यांहून जास्त गेली होती. आता हरियाणात पिंजोरला पिंजऱ्यात वाढवलेली काही गिधाडं 2024 मध्ये ताडोबा आणि पेंचला आणली. गंमत म्हणजे आमच्या या लाल डोक्याच्याला त्या औषधाचं फारसं काही होत नाही.

आई, तुझ्यासाठी एक वेगळं कलम. आंब्याखाली पिंगळ्याचं पिल्लू पडलेलं दिसलं तर दूध-पोळी घेऊन धावू नकोस. पिसं आलेलं आणि धडधाकट असेल तर उचलून जवळच्या फांदीवर ठेव आणि आत जा, त्याची आई वरून बघत असते. जखमी असेल तर खोक्यात ठेवून वनखात्याला फोन. जुन्नरकडे ऊसतोडीत बिबट्याची पिल्लं सापडतात, ती तपासून पुन्हा त्याच फडात ठेवतात आणि रात्री मादी येऊन घेऊन जाते. हे बाबांनीच मला पेपरातून वाचून दाखवलं होतं.

आणि बाबा, तुमचं पीस. तुम्ही जमिनीवरचं पीस उचलून शर्टाच्या खिशात घातलंत आणि मी चारचौघांत काढून घेतलं, त्याचा राग अजून आहे असं आई म्हणते. इथे 1918 चा कायदा आहे, रानातल्या बहुतेक पक्ष्यांचं गळलेलं पीससुद्धा विनापरवाना बाळगता येत नाही. गरुडाचं तर आणखी कडक. झूमधल्या गरुडांची झडलेली पिसं कोलोरॅडोतल्या सरकारी भांडारात जातात आणि तिथून मूळ रहिवासी जमातींना त्यांच्या धर्मकार्यासाठी मिळतात. तेव्हा तुमची लेक अतिशहाणी नव्हती, कायद्याने वागत होती. तुम्हीच शिकवलंय.

तुमचं सगळंच खोडून काढते असं नाही. काही पक्षी या आयुष्याला लायकच नसतात. माणूस दिसला की जाळीवर आपटून घेणारा एक बाज मागे आमच्याकडे आला होता. त्याला ‘शैक्षणिक’ म्हणून ठेवणं मला अजिबात पटलं नाही आणि मी तसं बोलले. जगवता येतं म्हणून जगवायचंच, हे मला मान्य नाही. पण आमच्या म्हाताऱ्या गिधाडाला सकाळी कोवळ्या उन्हात पंख पसरून बसलेलं बघते तेव्हा त्याला इंजेक्शन द्यायला हवं होतं असंही म्हणवत नाही.

पिंजऱ्यात ही जनावरं रानातल्यापेक्षा कितीतरी जास्त जगतात, आणि मग म्हातारपण येतं, जे रानात सहसा कुणाला बघायला मिळत नाही. लिंडसेतलं लॉर्ड रिचर्ड नावाचं गिधाड, 1974 चा जन्म. 2022 साली ते 48 वर्षांचं झालं. माझ्याहून वडील! आमच्याकडच्याला संधिवात आहे. त्याची बसायची दांडी आम्ही खाली आणली, तिला खरखरीत दोरी गुंडाळली, वर जायला उतरती फळी लावली. औषध उंदरात घालून देतो. वजन करायचं तर पकडत नाही. काट्याजवळ मांस धरलं की स्वतःच चढतं. नाही चढलं तर त्या दिवशी वजन नाही. उद्या बघू.

बाबा, आता मुद्द्यावर येते. बाथरूममधल्या दांडीला तुम्ही “मी काय म्हातारा झालो का” म्हणून नकार दिलात, हे दादाने सांगितलं. तुम्ही दोघांनी पुण्याला किंवा इथे यावं असा हट्ट आम्ही कधीच सोडलाय. सातारा सोडायचा नाही, तर नाही. पण मग साताऱ्यातल्या त्या ओल्या फरशीवर धरायला काहीतरी हवं. नळाला धरून उठता, तो नळ एक दिवस हातात येईल. दादाने मिस्त्री सांगितलाय, स्टीलची दांडी आणलीय, दोन टाइल्स फुटतील तेवढ्या फुटू देत. गुरुवारी तो येईल तेव्हा त्याला चहा पाजून परत पाठवू नका. हरकत असेल तर लेखी कळवा, मी सुनावणी घेईन.

आईच्या डोळ्यातले थेंब चार वेळा घालायचे आहेत, दोन वेळा नाही. शेवग्याच्या शेंगा यंदा लागल्या का?

तुमची,
सुमी

ता. क. आई, मी उंदीर कापते हे समोरच्या काकूंना सांगू नकोस. त्यांच्या लेखी मी अजून ‘अमेरिकेत कॉम्प्युटरवर’ आहे.